श्रावणातला मासळीचा वास : घरातली आग लागण्याआधी ओळखायची कशी

श्रावण होता. आमच्या मजल्यावरच्या चारही घरांत मासळी बंद होती, तरी संध्याकाळ झाली की पॅसेजमध्ये सुके बोंबील भाजल्यासारखा वास यायचा. तीन-चार दिवस आम्ही सगळ्यांनी तो सोडून दिला. मग एका सकाळी शेजारच्या काकूंनी पुसायला म्हणून फ्रिज पुढे ओढला आणि मला हाक मारली. फ्रिजच्या मागचा सॉकेट तपकिरी पडून वितळला होता. मेन बंद करून पिन ओढली, तर प्लास्टिकचा तुकडा पिनेला चिकटून बाहेर आला. सॉकेटपासून वीतभर अंतरावर पडदा आणि पडद्याखाली महिनाभराची रद्दी.

स्विचबोर्डाचं आणि सॉकेटचं प्लास्टिक तापायला लागलं की पुष्कळदा असाच, मासळीसारखा वास येतो. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. मी सोसायटीच्या कमिटीवर होते, मला तरी ठाऊक असायला हवं होतं. त्या दिवसापासून मी दरवर्षी एकदा घराची पूर्ण फेरी मारते आणि इमारतीतल्या बाकीच्यांनाही मारायला लावते. घरातली आग बहुतेक वेळा अचानक लागत नाही. वास, ऊब, काळा डाग, लुकलुकणारा दिवा अशा खुणा ती आधी बरेच दिवस देत असते. त्या कुठे शोधायच्या आणि सापडल्यावर काय करायचं, ते खाली फेरीच्या क्रमाने लिहिलं आहे.

फेरी कधी आणि कशी

मी १४ एप्रिल धरते. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले आणि ती विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कितीतरी जवान कामी आले. म्हणून हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो आणि पुढचा आठवडा अग्निसुरक्षेचा. बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी असल्यामुळे घरातली माणसंही हाताशी असतात. शिवाय मे महिन्यात एसी आणि पंख्यांचा लोड वाढण्याआधी वायरिंग तपासलं जातं. दुसरी, छोटी फेरी गणपतीच्या आधीच्या रविवारी.

दोन-अडीच तास काढा. टॉर्च, वाटीत साबणाचं पाणी, वही-पेन एवढं पुरे. घरातल्या मुलांना बरोबर घ्या, त्यांचं नाक आपल्यापेक्षा तिखट असतं आणि त्यांना कपाटामागे वाकता येतं. बोर्ड स्वतः उघडायचा नाही. आपण बघायचं, हुंगायचं, लिहून ठेवायचं. उघडायचं काम परवाना असलेल्या वायरमनचं.

पायरी १ : मेन स्विच आणि भिंतीतल्या वायरी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मुंबईतल्या घरांच्या आगीचं कारण म्हणून बहुतेक वेळा शॉर्टसर्किट हाच शब्द वाचायला मिळतो, पण त्या एका शब्दामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, वायरवर झेपणार नाही इतका लोड. चाळीतल्या आणि पागडीच्या जुन्या खोल्यांचं वायरिंग झालं तेव्हा घरात दोन दिवे, एक पंखा आणि रेडिओ होता. आज त्याच वायरीवर फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, गीझर आणि एसी आहे. वायर भिंतीच्या आत तापते, वरचं आवरण कडक होऊन तडकतं. वायरमनकडून एवढं विचारून घ्या : दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची, मोठ्या सॉकेटला अडीचची, एसी आणि गीझरला चारची वायर आहे का, आणि एसीला बोर्डापासून स्वतंत्र लाइन आहे का. बहुतेक घरांना हा हिशेब चालतो. वायर अ‍ॅल्युमिनियमची किंवा लाकडी पट्टीवरची असेल तर डागडुजी करत बसू नका, पूर्ण बदला. मालक करत नाही म्हणून भाडेकरू थांबतो आणि भाडेकरू करेल म्हणून मालक. यात वर्षं जातात आणि वायर तापत राहते. खोलीतलं वायरिंग तरी आपलं आपण करून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी, चुकीचा फ्यूज किंवा चुकीची एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये, म्हणजे तार बसवायच्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये, तार सारखी उडते म्हणून कुणीतरी जाड तांब्याची तार गुंडाळून देतो. मग फ्यूज उडत नाही, कारण आता त्याच्याऐवजी भिंतीतली वायर जळणार असते. एमसीबीचंही तेच. १६ अँपिअरची सारखी पडते म्हणून ३२ची बसवली की पडणं थांबतं, धोका मात्र दुप्पट होतो. एमसीबी वायरच्या मापाने बसवायची असते, आपल्या सोयीने नाही. पडत असेल तर लोड कमी करा किंवा वायर बदला.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी : ढिला स्क्रू, सैल पिन, अर्धवट बसलेलं टोक. तिथे ठिणग्या पडतात, जागा लालबुंद तापते, पण विजेचा प्रवाह वाढत नाही. त्यामुळे एमसीबीला काही कळतच नाही आणि ती पडत नाही. काकूंच्या फ्रिजमागे हेच झालं होतं. “आमच्याकडे एमसीबी आहे, आम्हाला काळजी नाही,” असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तो वितळलेला सॉकेट दाखवते. मी तो जपून ठेवला आहे.

आता बोर्डावर आरसीसीबी आहे का बघा. घरासाठी ३० मिलिअँपिअरची लागते. विजेची गळती झाली तर ती पुरवठा तोडते. पावसाळ्यात भिंतीला ओल येते त्या आपल्या घरांत ही चैन नाही, गरज आहे. तिच्यावर चाचणीचं छोटं बटण असतं. ते दाबलं की घर अंधारलं पाहिजे. नाही अंधारलं, तर ती नुसती शोभेला आहे, बदला. हे बटण महिन्यातून एकदा दाबायची सवय लावा. अर्थिंग आहे ना हेही त्याच दिवशी वायरमनकडून तपासून घ्या.

जिथे भिंत ओली होऊन पोपडे आलेत आणि त्याच भिंतीत बोर्ड आहे, ती जागा वहीत लाल पेनाने लिहा. आधी गळती बंद, मग बोर्ड.

पायरी २ : प्रत्येक सॉकेटवर हात

घरातलं प्रत्येक बटण आणि सॉकेट हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, हात कोरडा असू द्या. संध्याकाळी, सगळं चालू असताना. कोमट लागलं तर नोंद. चटका बसला, काळपट कडा दिसली, तडतड आवाज आला किंवा तो वास आला, तर ती लाइन तिथल्या तिथे बंद करून वायरमनला बोलवा. पंखा लावला की दिवा मंद होतो, दिवा आपोआप लुकलुकतो, पिन जरा हलवली की चालू होते, या तिन्ही तक्रारी आपण वर्षानुवर्षं चालवून घेतो. त्या आगीच्याच खुणा आहेत.

फ्रिज, कपाट, दिवाण आणि टीव्हीच्या मागचे सॉकेट खास बघा. जे डोळ्याआड असतं तेच जळतं. फ्रिजच्या मागे मोकळी हवा हवी, रद्दी किंवा पिशव्यांचा खच नको.

मग एक्स्टेन्शन बोर्ड. त्यावर ६ अँपिअर लिहिलेलं असेल तर त्याला २३० व्होल्टने गुणा : १३८० वॉट. एवढंच त्याला झेपतं, मग भोकं चार असोत की आठ. इस्त्री साधारण १००० वॉट, पाण्याची किटली १५००, इंडक्शन शेगडी २०००. म्हणजे एकटी किटलीसुद्धा त्या बोर्डाला जड आहे. मोबाइल, वायफाय, टीव्ही यांच्यासाठी तो ठीक. गीझर, एसी, फ्रिज, इस्त्री, ओव्हन, इंडक्शन हे सगळं भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच. मोठ्या पिनेला छोट्या सॉकेटमध्ये बसवणारं जोडणं ओट्यावर दिसलं तर ते घरातूनच काढून टाका. बोर्डाची वायर सतरंजीखालून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नका. आयएसआय चिन्ह नसलेला स्वस्त माल फेरीवाल्याकडून घेताना शंभर रुपये वाचतात, आत मात्र केसासारखी तार असते.

इस्त्रीबद्दल एक. इस्त्री करता करता वीज जाते, आपण दुसऱ्या कामाला लागतो, मग बाहेर पडतो. तासाभराने वीज येते आणि कपड्यावर ठेवलेली इस्त्री तापू लागते. वीज गेली की आधी इस्त्रीची पिन काढायची, हा घरातला नियम करा.

पायरी ३ : एसी आणि बॅटऱ्या

उन्हाळ्याआधी एसीची सर्व्हिसिंग करा आणि बाहेरचं यंत्र डोळ्यांनी बघा. मुंबईत तिथे कबुतराचं घरटं, पिसं आणि वाळक्या काड्या हमखास असतात.

मोबाइल उशीखाली किंवा गादीवर चार्जिंगला लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी, मग ती फोनची असो की पॉवर बँकेची, वापरायची नाही आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

विजेच्या स्कूटरची बॅटरी घरात आणून रात्रभर चार्ज करायची पद्धत वाढते आहे. तिला मी कडकडीत विरोध करते. वसईत २०२२ साली घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि दगावला. या बॅटऱ्या एकदा पेटल्या की आतूनच धगधगत राहतात, वरून टाकलेल्या पावडरीने विझत नाहीत. चार्जिंग इमारतीच्या आवारात, उघड्यावर, माणूस जागा असताना. घरात आणण्यावाचून इलाजच नसेल तर दिवसा, कंपनीच्याच चार्जरने, फरशीवर, आणि दाराच्या वाटेत नाही. बॅटरी पेटली तर आपली पळायची वाट तिच्यावरून जाता कामा नये.

पायरी ४ : ओटा आणि गॅस

सिलिंडर घरात येतो तेव्हाच तपासणी सुरू होते. सील शाबूत आहे का, आणणाऱ्या माणसासमोर झाकण काढून तोंडाशी साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडा येतो का, आतली काळी रबरी चकती फाटलेली नाही ना. कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे म्हणजे वर्ष. त्या मुदतीत सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका, तो परत करायचा तुम्हाला हक्क आहे.

सिलिंडर उभाच ठेवायचा, आडवा कधीच नाही. शेगडी त्याच्यापेक्षा उंचीवर हवी. बंद कपाटात ठेवत असाल तर कपाटाला खाली भोकं हवीत. नळी केशरी रंगाची, आयएसआयची, ‘सुरक्षा’ प्रकारची. तिच्यावर छापलेली तारीख वाचा आणि पाच वर्षांनी बदला, ती नवी दिसत असली तरी. ओट्याच्या दगडातल्या भोकातून गेलेली नळी बाहेर ओढून बघा. काठाला घासून ती तिथेच झिजते आणि उंदीरही तिथेच कुरतडतो. रात्री निजताना रेग्युलेटर बंद. आमच्या घरी हे काम सगळ्यात शेवटी झोपणाऱ्याचं आहे.

गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने. काडी पेटवून बघणारे लोक अजूनही आहेत, त्यांना थांबवा.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो जमिनीवर साचतो, मोरीच्या वाटेने, दिवाणाखालून पसरतो. हवेत शेकडा दोनच्या आसपास जमला तरी ठिणगीला पुरतो. महानगर गॅसचा पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. म्हणून पाइपचा गॅस असलेल्या स्वयंपाकघराची वरची झडप किंवा जाळी कधीही काच लावून बंद करू नका. नूतनीकरणात तो पाइप लाकडी कपाटात झाकूही नका. मीटरजवळचा कॉक आणि शेगडीजवळचा कॉक घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंनाही, बंद करून दाखवा.

वास आला तर काय करायचं, हे पाठ हवं :

१. चालू असेल ती ज्योत विझवा, देव्हाऱ्यातलीसुद्धा. गॅस देव्हाऱ्यापर्यंत पसरला असेल असं वाटलं तर सगळं सोडून बाहेर पडा.

२. रेग्युलेटर किंवा कॉक बंद. सिलिंडरच्या तोंडाशी गळती असेल तर रेग्युलेटर काढून प्लास्टिकची टोपी लावा. ती दोरीला बांधलेली असते, ती तोडून टाकू नका.

३. कुठलंही बटण दाबायचं नाही. लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. एक्झॉस्ट फॅन, डोअरबेल, फोन, काही नाही. दोन्ही वेळी ठिणगी पडते.

४. दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा. वीज तोडायचीच तर खालच्या मीटरच्या खोलीतून.

५. जिन्यात किंवा खाली गेल्यावर फोन लावा. एलपीजीसाठी १९०६, चोवीस तास चालू. पाइपच्या गॅसचा तातडीचा नंबर बिलावर छापलेला असतो, तो आजच फोनमध्ये घाला.

आता तेल. कढईतलं तेल पेटलं की प्रत्येकाचा पहिला हात पाण्याकडे जातो, आणि तिथेच माणूस भाजतो. पाणी तेलाच्या खाली जाऊन एका क्षणात वाफ होतं, ती वाफ पेटतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करा, कढईवर मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवत ठेवा, आणि थंड होईपर्यंत उघडू नका. कढई उचलून मोरीत न्यायची नाही. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत ओट्यावर कढईपेक्षा मोठं झाकण काढूनच चकल्या तळायला घ्या. तेलातून धूर निघायला लागला, की ते पेटायच्या वाटेवर आहे. तळण चालू असताना फोन आला तर गॅस बंद करून मग घ्या.

ओट्याशी सुती कपडे घाला. नायलॉनचा गाऊन किंवा ओढणी पेटली की वितळून कातडीला चिकटते. शेगडीच्या वरची मांडणी, टांगलेले टॉवेल आणि खिडकीचा पडदा हातभर तरी दूर हवा. चिमणी असेल तर जाळीवरचं तेल दर महिन्याला धुवा. ते साचलेलं तेलच पेटतं.

पायरी ५ : देव्हारा आणि सण

दिवा लावू नका असं मी कुणालाही सांगणार नाही, मी स्वतः तिन्हीसांजेला लावते. फक्त त्याची जागा बघा. छोट्या घरांत देव्हारा कपाटात, फ्रिजवर, नाहीतर माळ्याखाली असतो, आणि ज्योतीच्या वर लगेच लाकडी फळी. फळीचा खालचा भाग बोटाने पुसा. काजळी आली तर ती फळी रोज भाजते आहे. मधलं अंतर वाढवा किंवा वर पत्रा मारा. समई पितळी परातीत ठेवा, परातीत थोडं पाणी. काडीपेटी, कापूर आणि तेलाची बाटली दिव्याच्या शेजारी नको.

आणि उंदीर. तेला-तुपाच्या वासाने उंदीर येतो आणि वात पेटती असली तरी ओढून नेतो, कपाटामागे, कपड्यांत. जुन्या चाळीत वाढलेल्या कुणालाही विचारा. म्हणून दिवा एकटा सोडून घराबाहेर पडायचं नाही, आणि गणपतीत किंवा नवरात्रात अखंड दिवा असेल तर त्याला काच लावायची. रात्री पाळीपाळीने कुणीतरी जागं राहावं. गणपतीच्या घरी तशीही जाग असतेच.

मखराच्या कापडाला, कागदाला, कापसाच्या ढगांना दिव्यांची माळ थेट गुंडाळू नका. तापणारे हॅलोजनचे फोकस नकोत, एलईडी चालेल. निजताना तोरणांची बटणं बंद. आरतीच्या वेळी गर्दीत निरांजनाचं तबक मुलाच्या हाती देताना ओढण्या, झिरमिळ्या आणि मोकळे केस यांच्याकडे लक्ष ठेवा.

दिवाळीत गॅलरीतले वाळत घातलेले कपडे, खोके आणि वर्तमानपत्रं संध्याकाळआधी आत घ्या आणि फटाक्यांच्या वेळी खिडक्या लावा. कबुतरांसाठी बसवलेली नायलॉनची जाळी एका भरकटलेल्या रॉकेटने पेटू शकते. आकाशकंदिलात मेणबत्ती नाही, बल्बच, तोही कमी वॉटचा. डासांची कॉइल गादीपासून दूर, पत्र्याच्या ताटलीत.

पायरी ६ : दार, ग्रिल, जिना

आता घराबाहेर या. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे आग लागली ती तळमजल्यावर, पार्किंगमध्ये. वर झोपलेल्या माणसांपर्यंत पोचला तो धूर, जिन्याच्या वाटेने. आपण आपलं घर कितीही जपलं तरी जिना सगळ्यांचा असतो.

म्हणून मीटरच्या खोलीत दुचाकी, जुनं फर्निचर, झाडू-बादल्या काहीही नको. जिन्यावर चपलांची कपाटं, सायकली, कुंड्या नकोत. विजेच्या उभ्या डक्टमध्ये, म्हणजे वायरी वर नेणाऱ्या पोकळीत, रद्दी ठेवली की तो डक्ट धुराचं धुरांडं होतो. प्रत्येक मजल्यावर तो न जळणाऱ्या मालाने बंद केलेला हवा. जिन्याचं आगरोधक दार विटेचा अडसर लावून उघडं ठेवू नका. गच्चीच्या कुलपाची किल्ली शेवटच्या मजल्यावर, दिसेल अशी. उंच इमारतीत आश्रयासाठी सोडलेली मोकळी जागा ही मोकळीच राहिली पाहिजे, तिथे क्लबहाउसही नको आणि लग्नाच्या खुर्च्याही नकोत.

कमिटीवर असाल तर हे विचारा : महाराष्ट्रातल्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीत बसवलेली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं. आपल्या इमारतीचं शेवटचं कधी दिलं? कागद बघून थांबू नका. पंप चालू करून वरच्या मजल्याच्या नळाला पाणी येतं का ते डोळ्यांनी बघा. होजपाइपचं पितळी तोंड जागेवर आहे का तेही.

घरी परत. खिडक्यांना पेटीसारखी ग्रिल बसवली असेल तर तिच्यात उघडणारं दार करून घ्या, आणि किल्ली खिडकीशेजारी खिळ्याला. कपाटात नाही, पर्समध्ये नाही. आणि आजी-आजोबांना किंवा लहान मुलांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावून कामावर जाऊ नका. नाइलाज असेल तर दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे हवी आणि शेजारी घरात असायला हवा.

पायरी ७ : विझवायचं साहित्य

घरात कोरड्या पावडरीचा, एबीसी प्रकारचा, निदान दोन किलोचा अग्निशामक ठेवा. स्वयंपाकघरात शेगडीशेजारी नको, बाहेरच्या दाराजवळ. आग ओट्यावर असेल तर तिच्यातून हात घालून तो काढता येणार नाही. काटा हिरव्यात आहे का ते फेरीत बघा. वापरायचा क्रम : पिन काढा, नळी ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. पाठीमागे दार असू द्या. दोन किलोचा अग्निशामक काही सेकंदांतच संपतो, म्हणून एकाच प्रयत्नात कचऱ्याच्या डब्याएवढी आग विझली नाही तर तो टाकून बाहेर पडा.

बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म झोपायच्या खोलीबाहेर छताला लावा. झोपेत नाक काम करत नाही, कान करतात. गॅसचा अलार्म घेणार असाल तर एलपीजीसाठी जमिनीजवळ, पाइपच्या गॅससाठी छताजवळ.

पायरी ८ : एकदा रंगीत तालीम

कागदावर वाचून काही होत नाही, करून बघावं लागतं. घरातल्या सगळ्यांना एकदा अंधारात, वाकून, भिंतीला हात लावत पलंगापासून दारापर्यंत नेऊन बघा. धूर वर असतो, खाली थोडी श्वास घेण्याजोगी हवा असते.

ठरवून ठेवा : विजेची आग असेल तर आधी मेन बंद, पाणी नाही. बाहेर पडताना खोलीचं दार लोटून घ्या, कुलूप न लावता. बंद दार आगीला बराच वेळ अडवतं. लिफ्ट नाही. दागिने, कागदपत्रं नाहीत. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून बघा. गरम असेल किंवा जिना धुराने भरला असेल तर बाहेर जाऊ नका. दार बंद करून फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत जा आणि उजळ कापड हलवा.

परळच्या क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ रोजी आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या झेन सदावर्तेने सुती कापडाचे तुकडे भिजवून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना नाकातोंडावर धरायला दिले. शाळेत शिकलेलं तिला त्या वेळी आठवलं. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओलं कापड काजळी अडवतं, विषारी वायू अडवत नाही, म्हणून ते धरून धुरात थांबायचं नसतं. पण तेवढ्या आधारावर माणसं शांत राहतात, आणि शांत राहिली तर वाचतात.

कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही : थांबा, खाली पडा, लोळा. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी गुंडाळावी. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही नाही. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढा आणि रुग्णालय गाठा.

शेवटचं काम तालमीच्या दिवशीच उरका. एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा : अग्निशमन दल १०१, तातडीची मदत ११२, आणि त्याखाली आपला पूर्ण पत्ता, इमारतीचं नाव, विंग, मजला, जवळची ओळखीची खूण. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मी पाहिलं आहे. फोनवर आधी पत्ता सांगा, मग काय जळतंय, आत माणसं किती, सिलिंडर आहे का, आणि समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी फाटकावर पिटाळा. आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात, बंब आत यायचा तर वॉचमनला घेऊन त्या आधी हलवायला हव्यात.